पाहुण्याला पाणी देणे, सहा पायऱ्या

माझं प्रमाणपत्र आमच्या संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर लावलेलं आहे. मी त्या भिंतीकडं पाहत नाही. पाहिलं की तोंडात आंबट पाणी येतं.

भंडाऱ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं बायकांचं वसतिगृह. पाटीवर आधी 'मतिमंद' होतं, आता 'बौद्धिक दिव्यांग' आहे. आतली तुंबलेली मोरी तीच. तिथं मी नऊ वर्षं बायकांना न्हाऊ घातलं, भरवलं, त्यांची घाण काढली, तेव्हा मला कुणी कागद विचारला नाही. मग वरून हुकूम आला, काळजीवाहकाचा कोर्स नसेल तर नोकरी नाही. म्हटलं, ठीक आहे, शिकू. शिकायची मला हौसच होती.

कोर्सचं पुस्तक चांगलं होतं, खोटं कायले बोलू. कोणतंही काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचं आणि एकेक पायरी शिकवायची, जमलं की शाबासकी द्यायची. परीक्षेसाठी एक बाई निवडायची, तिला येत नसलेलं एक काम शिकवायचं आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ काढायचे. एक शिकवण्याआधीचा, एक नंतरचा. आता आमच्यातल्या एखादीला बटण लावायला शिकवायचं तर वर्ष जातं, कधी दोन. परीक्षा तर तोंडावर आलेली. मग आमच्या अधीक्षकबाईंनीच तोड काढली: जिला येतं, तिलाच घ्या.

ती आंबागडकडची, तिशीतली. बोलणं थोडं, हसणं फार. तिला एक गोष्ट पक्की येत होती. दारात कुणीही येवो, पोस्टमन नाही तर भाजीवाला, ती उठून माठातून पितळी गडवा भरायची आणि दोन्ही हातांनी पुढं करायची. आलेल्या माणसाले आधी पाणी, ही तिच्या आईनं लावलेली सवय. त्यासाठी आईला कोणता कोर्स लागला नव्हता.

आम्ही कागदावर लिहिलं, 'पाहुण्याला पाणी देणे, सहा पायऱ्या'. आणि पहिल्या व्हिडिओसाठी तिला पाणी न द्यायला शिकवलं. समोर मोबाइल धरला की हात खाली. 'दे' म्हटलं तरी द्यायचं नाही. दोन दिवस ती ऐकेना. पाहुणा बसलेला दिसायचा आणि तिचे हात माठाकडं जायचे. ते हात मी धरून खाली दाबले. दुसऱ्या कुणी नाही, मी. हात खाली राहिले की एक बिस्किट. सगळं पुस्तकात लिहिलं होतं तसं, पायरीपायरीनं. तिसऱ्या दिवशी जमलं. दुसरा व्हिडिओ खिडकीआडून चोरून काढला. मोबाइल दिसला नाही म्हणून ती आपली नेहमीसारखी पाणी घेऊन गेली. शी! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसा माझा तो कागद.

मी पास झाले. पुढच्या बॅचनं तिलाच घेतलं, त्याच्या पुढच्या बॅचनंही. तयार बाई आहे, मेहनत नाही, असं म्हणत सगळ्या हसायच्या. मीही हसले आहे.

यंदा रोवणीच्या तोंडावर तिचा भाऊ आला. आई खाटेला खिळलेली, आणि तिनं धोशा लावलेला, माझी पोर घरी आणा. भाऊ-भावजय दिवसभर शेतावर बांधीत धान रोवणार, घरी म्हातारीला घोटभर पाणी द्यायला कुणी नाही. भावजय म्हणत होती, ती काय देणार पाणी, तिचंच कुणीतरी करा. म्हणून भाऊ तिचा पाणी देतानाचा व्हिडिओ काढून बायकोला दाखवणार होता. दिसलं की उद्याच घेऊन जातो, म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी धावत न्हाणीकडं गेले, तिला पुसून, नवा गाऊन घालून ऑफिसात आणलं. भावानं मोबाइल समोर धरलेलाच होता.

तिचे हात खाली गेले.

मी म्हटलं, "दे ना माय, दादाले पाणी दे." तिनं मान हलवली. हात मांडीला चिकटवून ती माझ्याकडं पाहून हसत होती, पहिला नंबर आल्यासारखी. माठ तिच्यापासून दोन पावलांवर होता.

भावानं बराच वेळ मोबाइल तसाच धरला.

"येते जी तिले," मी म्हटलं.

"मंग देत काहून नाही?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. अधीक्षकबाई माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्या मागं भिंतीवर माझं प्रमाणपत्र, बाजूच्या कपाटात तिन्ही बॅचच्या फायली. मी म्हटलं, "आज मूड नाही तिचा."

थू आहे माझ्यावर. वर पुन्हा मूड म्हणे.

आईनं दिलेली चिवड्याची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोबाइल हातात धरूनच बाहेर निघाला. फाटकापाशी ऑटो थांबलेला होता. आवाज लांब गेला तशी ती माझ्याजवळ आली आणि तळहात पुढं केला.

बरोबरच होतं तिचं. मी दे म्हटलं तरी तिनं दिलं नव्हतं.

मी डब्यातून बिस्किट काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.