कुंकू लावलेला ई-कचरा

सोसायटीच्या गेटपाशी ‘ई-कचरा’ लिहिलेला खोका आहे. आज त्यात शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर दिसला. गेल्या दसऱ्याला पूजेत लावलेलं हळदकुंकू अजून त्याच्यावर होतं.

“अहो, चालू होता ना?” मी विचारलं.

“होता, पण जुना झाला. आता ई-कचरा!” शेजारी हसले.

काय गुळगुळीत शब्द! इंग्रजीतल्या ‘इलेक्ट्रॉनिक’चं पहिलं अक्षर तोडून आपल्या कचऱ्याला चिकटवलं, की आतलं शिसं, पारा, जळक्या तारांचा विषारी धूर, सगळं कसं धुतल्यासारखं वाटतं. अर्थ एवढाच, की आमचं काम झालं, आता दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीत जाळा.

“नवा घेतलाय. दसऱ्याला पूजेला या,” शेजारी म्हणाले.

“पूजेला नाही येणार,” मी म्हटलं. “फेकाल तेव्हा बोलवा.”