मुहूर्ताच्या गाडीची पूजा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मानवतच्या एका जिनिंगच्या गेटवर मी बरीच वर्षं आहे. कापूस घेऊन आलेला ट्रॅक्टर आत सोडायचा की नाही, ते मी बघतो. सायलेन्सरला जाळी नसेल तर सोडायचा नाही — ठिणगी उडते, आणि कापसाला एक ठिणगी पुरते. एवढंच काम. अवघड आहे का, सांगा?

आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या गाडीची पूजा सवाष्णीच्या हातून होते. गेल्या हंगामात मालकांनी सुमनला सांगितलं. काट्यावर वजन घेणारी पोरगी, कामाला चोख. तिची सोडचिठ्ठी झालेली फक्त मला ठाऊक होती — कोर्टाच्या तारखांना सुट्टी लागायची म्हणून तिनं सांगितलेलं. "काका, कुणाला बोलू नका. काम जाईल." पूजेला नाही म्हणायची तरी तिला कुठं सोय होती? काळे मणी घालून आली, नारळ फोडला.

आठवड्याच्या आत कापसाची गंजी पेटली. बिनजाळीचा ट्रॅक्टर मीच आत सोडला होता. ओळखीचा माणूस, भीड पडली. मालक एकेकाला विचारायला लागले, आणि माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मालक, पूजा सुमननं केली. तिची तर सोडचिठ्ठी झालेली हाय."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. चोर मीच होतो. दुसऱ्या दिवशी तिला काढलं. जाताना ती गेटवर थांबली. "काका, तुमी न्हाई ना सांगितलं?"

"न्हाई गं पोरी," मी म्हणालो. तिला ते खरं वाटलं.

आता तिनं परभणीला कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार केलीय. लग्न मोडलं म्हणून बाईला कामावरून काढता येत नाही, असं तिच्या वकीलबाई सांगतात. मालक म्हणतात, वजनात घोळ होता म्हणून काढली. मीही तसंच बोलावं, असं त्यांनी मला बजावलंय. आणि सुमननं साक्षीदार म्हणून कुणाचं नाव द्यावं? माझं. गेटवरचे काका खोटं बोलायचे नाहीत, म्हणाली.

वजनात कधीच घोळ नव्हता, हे मी सांगणार आहे. जाळीचंही सांगणार. नोकरी जाईल, जाऊ दे. मालकांच्या कानावर सोडचिठ्ठीचं कुणी घातलं, हे मात्र साहेबांकडे बघून नाही, सुमनकडे बघून सांगणार. त्यानंतर ती मला काका म्हणणार नाही.

सोमवारी तारीख आहे. सकाळच्या एसटीनं निघतोय.