स्क्रीनच्या कडा

"हे मला पटत नाही."

फोन हातात आला की ताई आधी हात पुढे ताणायच्या. पूर्ण, कोपर न वाकवता. मग मान मागे घ्यायच्या आणि मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो बघावा तशा त्या स्क्रीनकडे बघत राहायच्या. आजूबाजूचे आम्ही हातातलं काम सोडून थांबायचो. आणि मग ते वाक्य यायचं. पाच वर्षांत एखादी स्क्रीन त्यांना पहिल्या खेपेला पटली, असं काही मी पाहिलेलं नाही.

आमचं ऑफिस बडोद्यात, गोरव्याला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खाली पत्रा कापायचं मशीन आणि वर आम्ही बारा जण, मोबाइलची अ‍ॅप बनवणारे. खाली पत्रा कापला की वर चहाच्या कपात तरंग उठायचे. ताईंचं काम स्क्रीन सरळ करण्याचं. बटण कडेला गेलं, अक्षरं एकमेकांवर चढली, ओळ अर्धी कापली गेली, की ते प्रकरण त्यांच्या टेबलावर. त्या पन्नाशी ओलांडलेल्या आणि आमच्यातला कोणीही पस्तिशीच्या पुढचा नाही. गुजराती मंडळी त्यांना बेन म्हणत, मी ताई म्हणायचो. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या मोजणी खात्यात होते आणि आमचे पणजोबा फौजेत, पहाऱ्यावर. त्यांना मोजायची खोड कुठून आली आणि मला दुसऱ्यावर नजर ठेवायची कुठून, हे यावरून तुम्हीच समजून घ्या.

हे काम त्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. त्याआधी वीस वर्षं त्यांनी दांडिया बाजारातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या होत्या. एकदा एका पत्रिकेत शेवटची ओळ मावेना, तेव्हा सोबतच्या माणसाने ती ओळच काढून टाकली. पत्रिका देखणी झाली. त्या ओळीत नवरदेवाच्या आत्याचं नाव होतं. आत्या लग्नाला आल्या नाहीत, आणि पुढे बारशालाही आल्या नाहीत.

"तेव्हापासून सांगते," त्या म्हणायच्या, बडोद्याच्या मराठीत 'ना'चा 'ने' करत, "एखादी गोष्ट फार छान दिसत असेल ने, तर समजायचं, कोणाला तरी बाहेर काढलंय."

हाच न्याय त्या फोनच्या स्क्रीनलाही लावायच्या. आमच्या धंद्यात एक चोरवाट आहे. मजकूर मावत नसला की चौकटीची उंची ठरवून टाकायची आणि जास्तीचं लपव, असं कोडमध्ये एका ओळीत सांगायचं. दिसायला सगळं चोख. अशी ओळ त्या नेमकी हुडकून काढायच्या आणि मला बोलावून विचारायच्या, "लपवलंस? कोणापासून?"

आमची डिझायनर हेतल स्क्रीनवर नमुन्याला नेहमी 'राज शाह' असं नाव टाकायची. छोटं, सुटसुटीत, कुठेही मावणारं. ताईंनी ते पुसून 'पुरुषोत्तमदास त्रिभुवनदास मिस्त्री' असं टाकलं आणि शेजारचं बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं. "हे बघ, माणूसच मावत नाही तुझ्यात," त्या म्हणाल्या. हेतल वैतागली, "बेन, आवा नाम हवे कोण राखे छे?" असली नावं आता ठेवतं कोण, म्हणून. ती स्क्रीन ज्या अ‍ॅपची होती, ते रोज वेळेवर औषधांची आठवण करून देणारं होतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "नसेल ठेवत कोणी. पण औषधं तर त्यांनाच लागतात ने."

तर अशा या बाई. जगावर संशय घ्यायच्या. आणि मी त्यांच्यावर घ्यायचो.

त्याला निमित्त झालं. आमच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. पावसाळा संपता संपता त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कामं कमी झाली होती. "नवरात्री पछी एक जणने छूटा करवा पडशे," ते म्हणाले. नवरात्र झालं की एकाला कमी करायचं होतं, आणि तो एक कोण, हे बघायला नजर ठेवायची होती मला. पणजोबांचं रक्त उसळलं. दुसऱ्या दिवसापासून मी पहाऱ्यावर.

ताईंच्या बाबतीत खटकणाऱ्या गोष्टी निघायला वेळ लागला नाही. शेजारून जाताना नमस्कार केला तर उत्तर नाही; समोर उभं राहून केला तर तोंडभर हसू. मी म्हटलं, बाई लहरी आहेत. चहाचा कप डावीकडे ठेवला तर हमखास धक्का लागून सांडायचा. स्कूटरवरून येणाऱ्या बाई अचानक रिक्षाने यायला लागल्या. एकदा तर जिना उतरताना पायऱ्या मोजताना ऐकलं मी त्यांना. आणि सगळ्यांत कळीचं म्हणजे, स्वतःच्या कामाचं वाचन त्या दुसऱ्याकडून करून घ्यायच्या. "डाव्या कोपऱ्यात काय आहे? वाच बघू मोठ्याने," असं हेतलला, मला, कोणालाही. आम्हाला वाटायचं, परीक्षा घेतात. पहाऱ्यावर उभा राहिल्यावर वाटायला लागलं, स्वतःचं काम आमच्याकडून करून घेतात.

त्यात दर गुरुवारी चार वाजता त्या निघायच्या. छातीशी प्लास्टिकची फाइल. "कुठे, ताई?" विचारलं तर, "काम आहे जरा." इतकंच. कोपऱ्यातलं अर्धं अक्षर कापलं तरी अर्धा तास बोलणारी बाई स्वतःच्या गुरुवारबद्दल तीन शब्द बोलते, तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं?

मी राहतो बडोद्यातच, अकोट्याला. एका गुरुवारी अंग मोडून आलं म्हणून लवकर घरी निघालो, तर आमच्याच रस्त्यावर एका कॉम्प्लेक्ससमोर ताई रिक्षातून उतरताना दिसल्या. तीच फाइल. मी वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावर एका अ‍ॅपच्याच कंपनीची पाटी, आमच्यापेक्षा तिप्पट मोठी. बाकीच्या पाट्या मी वाचल्या नाहीत. गरज काय होती? चोर सापडला होता.

शुक्रवारी सकाळी मी भाईंना सांगून मोकळा झालो. ताई आपलं काम बाहेर नेतात. भाईंनी लगेच त्यांना आत बोलावलं, आणि मला म्हणाले, तू पण बस.

"बेन, तमे दर गुरुवारे अकोटा केम जाओ छो?" दर गुरुवारी अकोट्याला कशासाठी, म्हणून.

ताईंनी आधी भाईंकडे बघितलं. मग मान वळवली. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो, त्यामुळे त्यांना ती बरीच वळवावी लागली. मग त्या उठल्या, बाहेर जाऊन फाइल घेऊन आल्या आणि त्यातला एक कागद त्यांनी टेबलावर ठेवला. कागदावर दोन गोल छापले होते. कडेने काळे, मधे थोडीशी पांढरी जागा.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. तिथे पहिल्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर आहेत. हे पांढरं आहे तेवढं मला दिसतं. कडेचं गेलं."

खाली मशीनने पत्रा कापला. मला तेव्हा एकदम सगळं कळलं, म्हणजे तो ताणलेला हात. फोन लांब धरला तरच अख्खी स्क्रीन त्या पांढऱ्या जागेत मावत होती. ज्या कडांवरून त्या आमच्याशी भांडायच्या, त्या फोन जवळ घेतला की त्यांना दिसतच नव्हत्या. म्हणून मोजायच्या, म्हणून वाचून घ्यायच्या, म्हणून दिसतं त्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. मला इतकी लाज वाटली की मी टेबलावरच्या कागदाकडेच बघत राहिलो.

भाई माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "बेन, तुम्ही राहा. कामात तर कधी चूक सापडली नाही." हे खरंच होतं.

"नाही भाई," ताई म्हणाल्या. "आता हा माझं काम दोनदा तपासेल." हा म्हणजे मी. त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तपासायलाच हवं. मीसुद्धा तेच केलं असतं. पण मग मी कशाला हवी?"

एका माणसाचा प्रश्न असा सुटला. नवरात्राच्या आधीच.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये सात जुने फोन होते. एकाची काच तडकलेली, एक बोटभर जाड, आणि एकावर अक्षरं कायम सर्वांत मोठी करून ठेवलेली. कुठलीही स्क्रीन त्या मोठ्या अक्षरांच्या फोनवर पास झाल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर जात नसे. त्या नोकरी सोडून गेल्यावर तो चार्ज करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्यांचं काम आता माझ्याकडे होतं. औषधांच्या अ‍ॅपमध्ये शेवटच्या घटकेला एक पान नीट बसेना, आणि ते त्याच संध्याकाळी पाठवायचं होतं. मी चौकटीची उंची ठरवून टाकली आणि जास्तीचं लपव म्हणून सांगितलं. माझ्या फोनवर सुरेख दिसत होतं.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची छापखान्यातली स्टीलची पट्टी ऑफिसात राहिली होती, ती परत द्यायचं निमित्त. माफी मागायची होती, पण रिकाम्या हाताने ती मागता येईना. दांडिया बाजारात भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला दोन खोल्या. दार उघडून त्यांनी समोर बघितलं आणि म्हणाल्या, "ये ये. मजेत ने?" माझ्यासमोर चिवडा ठेवला, पट्टी घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "अ‍ॅप कसं चाललंय?"

"मस्त, ताई. एक तक्रार नाही."

"हे मला पटत नाही," म्हणत त्यांनी स्वतःचा फोन काढला, हात ताणला आणि मग फोन माझ्या हातात दिला. आमचंच अ‍ॅप होतं. अक्षरं सर्वांत मोठी. वर लिहिलं होतं, 'उजवा डोळा, दोन थेंब.' त्याच्या खाली लगेच 'औषध घेतलं' हे बटण.

"डावा कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी पान वर सरकवून बघितलं. सरकेना. सरकणार कसं, उंची मीच ठरवून टाकली होती. डावा डोळा बटणाच्या मागे होता, मी लपवला होता तिथे.

"तुम्ही... डावीकडे थेंब टाकताय ना?" मी विचारलं.

"टाकते रे बाबा. मी काय या अ‍ॅपवर विश्वास ठेवते?" त्या हसल्या. मग चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "मला संशय घ्यायची सवय आहे. बाकीचे बिचारे विश्वास ठेवतात ने."

लॅपटॉप माझ्या पाठपिशवीत होता. तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, मी ते पान नीट करायला बसलो. त्या समोर बसून आकडे सांगत होत्या. "खालून चोवीस पिक्सेल सोड. बटण पानाच्या शेवटी जाऊ दे, डोक्यावर बसवू नकोस. आता मिस्त्रींचं नाव टाकून बघ." मधेच मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "ते तर चुकलंच. चोवीस सोडलंस का?" तासाभराने त्यांच्या फोनवर दोन्ही डोळे एकाखाली एक आले, आणि तिथूनच मी दुरुस्ती पुढे पाठवून दिली.

निघताना मी दाराबाहेर डाव्या बाजूला वाकून बूट उचलले. त्या मागून उंबऱ्यापर्यंत आल्या. समोर जिना चार पायऱ्यांनंतर वळतो. मी वळणापलीकडे गेलो, असं त्यांना वाटलं असणार. रिकाम्या जिन्याकडे बघून त्यांनी मोठ्याने हाक दिली, "सावकाश उतर रे! वळणावरची पायरी फुटलेली आहे!"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

'हो' म्हणालो असतो तर त्या दचकल्या असत्या. त्याहून वाईट म्हणजे त्यांना कळलं असतं की मी इतका जवळ असून त्यांना दिसलो नाही. मी श्वास धरला. बूट हातात, भिंतीला पाठ लावून, मोज्यांवरच मी हळूच सरकत गेलो आणि दोन पायऱ्या उतरलो. आणि नेमका त्यांच्या समोर आलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या बुटांकडे.

"बूट हातात कशाला?"

"चावतात, ताई. नवीन आहेत."

बूट चार वर्षांचे होते, टाच झिजलेली. मग त्यांनी दाराची कड हाताने चाचपली, दार हळू ओढून घेतलं, आणि ते लागता लागता आतून त्यांचा आवाज आला.

"हे मला पटत नाही."