नणंदेनं दिलेली गरीब मांजर

माझ्या नणंदेनं मला फसवलं. टॉवेल-चादरींच्या धंद्यात मला मिलवाल्यानं फसवलं नाही, दलालानं फसवलं नाही, हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्यानं तर प्रयत्न करून हात टेकले. आणि नणंद पुण्याहून आली, माझ्याच घरात चहा प्यायली आणि एक मांजर माझ्या गळ्यात मारून गेली.

मी डोक्यावर टॉवेलचं गाठोडं घेऊन सोलापुरात दारोदार फिरले आहे. आज खाली दुकान, मधे गोदाम आणि वर घर, असं माझं स्वतःचं आहे. माल घेताना मी तो उलटा करून, उजेडात धरून, काठ ओढून बघते. मांजरसुद्धा तशीच पाहिली. करडी, तरणी, कान स्वच्छ, दात पांढरे.

"हिला खोड काय आहे, वन्सं?"

"खोड कसली, वहिनी! दिवसभर एका कोपऱ्यात बसून असते. गरीब गाय आहे. मुलांच्या परीक्षा आहेत, बघायला कुणाला वेळ नाही, म्हणून हो."

मालात खोट नव्हतीच. खोट सांगण्यात होती.

नणंदेची गाडी निघाली आणि ती गरीब गाय पडद्यावरून पेल्मेटवर गेली. तिथून कपाटावर, कपाटावरून टीव्हीमागे. दारासमोरच्या रस्त्यावर दिवसभर जड गाड्या, त्यामुळे तिला बाहेर सोडायचा प्रश्नच नव्हता. मग आतल्या जिन्यानं ती गोदामात उतरायला लागली. टॉवेलच्या थप्पीवर चढायची आणि नख्यांनी विणीचे फासे ओढायची. चादरींच्या दशा तर तिनं दातांनी तोडल्या. दुपारी उन्हाच्या वेळी दुकान बंद करून आम्ही आडवे झालो, की ती पलंगाखाली दबा धरायची आणि यजमानांच्या घोट्याला चावायची.

यजमान मूळचे मंद्रूपचे, शेतकरी घरातले. मांजर घरात झोपवायची असते हेच त्यांना पटत नव्हतं. "लई झालं आता," ते म्हणाले. "पुढच्या बाजाराला मंद्रूपला नेतो आन् शेतावर सोडतो."

"शेतावर कुत्री किती हायत, म्हाईत हाय की तुमाला."

"मग? समद्या चादरी खाऊ दे म्हणतीस?"

"दिवाळीपर्यंत थांबा."

"दसरा."

"दसऱ्याला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी. पुढं मी एक शब्द बोलणार नाही."

मी बोलणार नाही, या आमिषाला ते भुलले. सौदा झाला.

मी आधी नुसती बघत बसले. नवीन गिऱ्हाईक आलं की मी तेच करते. सकाळभर आम्ही खाली कामात असायचो आणि ही वर झोपून असायची. म्हणजे आमच्या झोपेच्या वेळी हिचा दिवस उजाडायचा. ती धिंगाणा घालायची, यजमान ओरडायचे आणि शेवटी गप्प बसावी म्हणून बिस्किटाचा तुकडा टाकायचे. तिथंच मला उमगलं. आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाईकाला एकदा भाव पाडून दिला, की ते दर वेळी ओरडतच दुकानात शिरतं. ती मांजर आम्हाला नाचवत होती, आणि तेही एका बिस्किटावर!

घरात हुकूम काढला. दंगा चालू असताना खायला नाही, ओरडणं नाही, तिच्याकडे बघणंसुद्धा नाही. गप्प बसली की लगेच द्यायचं. पहिल्यांदा दंगा दुप्पट झाला. यजमान म्हणाले, "दे की गं तिला काहीतरी!" मी म्हटलं, पायरी उतरून गेलेल्या गिऱ्हाईकाला मी कधी हाक मारलेली नाही, हिला तर मुळीच मारणार नाही. माझ्यासारख्या तापट बाईला तोंड मिटून बसणं किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक. टॉवेलचे काठ शिवणारी बाई मशीनवरून हसत म्हणाली, "अक्का, तिच्यावर वरडत न्हाई तुमी. आमीबी आता उद्यापास्नं कपाटावर चडून बसतो."

"चढ की," मी म्हटलं. "पण खाली उतरल्याबिगर चहा न्हाई मिळायचा."

चादरींचं कोडं निराळं होतं. आमच्यासारख्या चादरवाल्यांच्या घरातच होईल अशी ती चूक. ही आल्यापासून घरात जो तो हाताला लागेल ती दशांची चिंधी हलवून तिला खेळवत होता. मग दुकानात लोंबणारी प्रत्येक दशा तिला शिकार वाटली, यात तिचं काय चुकलं? शिवाय दोरा पोटात गेला तर जनावराच्या आतड्याला पीळ पडतो. मी दशा बंद केल्या. काठीला पिसांचा झुबका बांधला आणि दुपारी जेवायच्या आधी तिला दमेस्तोवर पळवायला लागले. दमली की खाणं. खाल्लं की ती अंग चाटून झोपायची आणि आम्हीही झोपायचो. खेळ झाला की काठी कपाटात.

सकाळच्या एकट्या वेळासाठी सुताचे रिकामे कागदी कोन गोदामात पडलेले होतेच. ते पालथे मांडून त्यांतल्या काहींखाली खाणं लपवायचं. एकेक कोन पाडत ती तासभर गुंतून राहायची. गठ्ठ्यांवरचं गोणपाट एका लाकडी खांबाला घट्ट गुंडाळलं आणि तो खांब तिच्या आवडत्या थप्पीला लावून उभा केला. खिडकीत उंच फळी ठोकली, रस्ता बघायला. विकत काही आणलं नाही. नख्या खांबावर चालायला लागल्या, टॉवेल वाचले. बिघडलेला माल परत करणाऱ्यातली मी नाही. मी तो नीट करून दाखवते.

दिवाळी आली. मंद्रूपचं नाव कुणी काढलं नाही. पिसांची काठी आता यजमानांच्याच हातात असायची आणि मी काठी मागितली की त्यांना राग यायचा.

भाऊबीजेला नणंद आली. मांजर फळीवर पाय दुमडून बसली होती.

"बघा, वहिनी! मी म्हटलं नव्हतं, गरीब आहे म्हणून? मुलं फार आठवण काढतात हो. आता घेऊनच जाते."

मी विचारलं, "मुलं शाळेत, तुम्ही दोघं कामावर. दिवसभर ही करणार काय?"

"काही त्रास नाही तिचा. बाथरूममध्ये असते ना ती. आम्ही आलो की काढतो."

ओवाळणीचं ताट माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं. जे माझ्या तोंडात आलं ते सणाच्या दिवशी बोलू नये असं होतं, आणि मी ते बोलले. यजमान मधे पडतील असं मला वाटलं, शेवटी बहीण त्यांची. ते पाटावरून उठलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, मांजर कुटं जात न्हाई."

नणंद रुसून गेली. आता फोनवर नातेवाइकांना सांगते, वहिनीनं एका मांजरासाठी माझा अपमान करून मला घालवलं. सांगू दे. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हेही ऐकावं. धावायला जन्मलेलं जनावर तिनं दिवसभर कडी लावून कोंडलं आणि मला सांगितलं, कोपऱ्यात बसून असते. वन्सं, मांजर मी देणार नाही, तो विषय संपला. पण तुम्ही इथं या आणि चार माणसांत मला सांगा, कडी का लावली? आणि लावली होती, तर माझ्या तोंडावर खोटं का बोललात?