कचरूकाकांचं फिशर आणि पूर्वाचा साखरपुडा

धायरीच्या कचरू गायकवाडांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात घालवली ती एकच वाक्य ओरडत: "आधी सूचना वाचा, मग हात लावा!" रिटायर झाले, पण सवय जाते कुठे? घरात नवा मिक्सर आला तर आधी त्याची पुस्तिका मोठ्यानं वाचायची, मग चटणी. सुंदराबाई तोवर पाट्यावर वाटून मोकळ्या व्हायच्या.

असा हा माणूस स्वतःच्या औषधाचा कागद न वाचता फेकून देईल, असं कुणी म्हणालं असतं तर धायरीत कुणी विश्वास ठेवला नसता. पण दिला ना फेकून!

झालं असं, की काकांना फिशर झालं. म्हणजे शौचाच्या जागी चीर. सकाळी संडासात डोळ्यांपुढे काजवे, आणि नंतर नुसती खुर्ची दिसली तरी अंगावर काटा. आणि वेळ तरी बघा कसली! रविवारी लेकीचा, पूर्वाचा साखरपुडा. विहारात वंदनेला आईवडिलांनी सगळ्यांसमोर पुढं बसायचं. बाप बसलाच नाही तर पाहुणे काय म्हणतील? पोरगा पसंत नाही म्हणतील! दुखण्यापेक्षा या विचारानंच काकांना घाम फुटायचा.

डॉक्टर तेजस्विनींनी तपासलं. इसबगोल, भरपूर पाणी आणि शौचाच्या जागी आत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या कशा ठेवायच्या तेही नीट सांगत होत्या बिचाऱ्या. पण पूर्वाच्या वयाची मुलगी असलं काही बोलतेय म्हटल्यावर काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत नुसते "कळलं, कळलं" करत राहिले. घरी येऊन खोक्यातला माहितीचा कागद बारीक फाडून टाकला. बायकोच्या, लेकीच्या हाती लागायला नको!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाथरूममधून अशी किंकाळी आली की घरून काम करणाऱ्या पूर्वाच्या मीटिंगमध्येही ती ऐकू गेली.

"अहो, पडलात की काय?" सुंदराबाई दार बडवायला लागल्या.

"काही नाही! जा तू!"

"मग ओरडलात कशाला?"

"हौस आली!"

पूर्वाला औषधाचं खोकं कालच कपाटात दिसलं होतं. बापाची लाज राखायला ती गप्प होती. आता मात्र तिनं सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि दारापाशी धरला.

"काका, गोळीवरचं प्लॅस्टिकचं टरफल सोललं होतं का?" फोनमधून प्रश्न आला.

आतून बारीक आवाज आला.

"सोलायचं असतं?"

सुंदराबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आत गेली का ती?"

"नाही मॅडम, कड लागली तशी लगेच काढली."

"रक्त?"

"नाही."

"थोडक्यात निभावलं. रक्त आलं तर लगेच इकडे या. आता टबात कोमट पाणी घेऊन बसा, आणि गोळी संध्याकाळी."

संध्याकाळी काका बेडरूममध्ये, दार आतून बंद. बाहेर पूर्वा, डॉक्टरांकडून लिहून घेतलेल्या सूचना हातात धरून, खुर्ची टाकून बसलेली.

"हात साबणानं धुतले?"

"धुतले."

"टरफल?"

"काढलं गं बाई! पण गोळी मऊ लागतेय."

"गोळी मऊ पडलीय? मग दार किलकिलं करा, फ्रीजमधली दुसरी देते. आता डाव्या कुशीवर, वरचा गुडघा पोटाशी. टोक पाण्यात बुडवा, हळूच सरकवा. जोर लावायचा नाही. आणि पंधरा मिनिटं उठायचं नाही!"

"अगं हळू बोल, शेजारी ऐकतील!"

"ऐकू देत. त्यांचंही भलं होईल."

डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस हे चाललं. बरं वाटतंय तर आणखी चार दिवस घेऊ, असं काका म्हणाले, तेव्हा पूर्वानं खोकंच काढून घेतलं.

रविवारी काका विहारात पुढं, सुंदराबाईंनी गुपचूप सरकवलेल्या उशीवर बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, काका जागचे हलले नाहीत. पाहुणे खूश. मग पूर्वाच्या बोटात अंगठी गेली आणि काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पूर्वा सगळं सोडून त्यांच्याकडे धावली.

"पप्पा, उभे राहता का? कुणी काही म्हणणार नाही. खूप दुखतंय?"

काकांनी तिचा अंगठीचा हात घट्ट धरला.

"तिथं काही दुखत नाहीये, बाळा."