नदी साबन लावस का?

"बससू, बससू. पन पहिले हाई देखी लेऊ दे." धुळ्याचे नाना आमच्या कचेरीत आले की हे वाक्य ठरलेलं. पुढे केलेली खुर्ची तशीच राहायची आणि नाना खिडकीची बिजागरी हलवून बघत असायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. समोर बसून बोलेल तर शपथ, पण हात मात्र कुठल्या तरी खिळ्याला लागलेला. मला त्याचा वैताग यायचा. चहा गार व्हायचा, आणि गार चहाबद्दल नाना मलाच बोलायचे.

नाना पत्र्याची, नळ्यांची, कथलाचा डाग देऊन सांधे जोडायची कामं करायचे. मी जळगावच्या कचेरीत कारकून होतो. नदीच्या मोजणीसाठी आमच्या खात्याची एक इंजिनाची बोट तापीत असायची, एदलाबादच्या खालच्या अंगाला. आत मोजणीच्या साहेबांची निजायची खोली, आणि खोलीला लागून त्यांची न्हाणी. न्हाणीत डोक्यावर पाण्याची टाकी, तिला झारीसारखं तोंड, आणि खाली जस्ताच्या पत्र्याची मोठी परात. त्या परातीतून एक नळी बोटीच्या कुशीतून बाहेर नदीत जायची. पाहायला येणारी गावची माणसं सगळी बोट सोडून त्या न्हाणीशीच थांबायची. घरात पाऊस पाडतात म्हणजे काय!

एका हिवाळ्यात बोटीच्या पोटात पाणी साठायला लागलं. रोज उपसावं, रोज तेवढंच. साहेबांनी ठरवून टाकलं की बोटीचा तळ गळतो आणि दोष नावाड्याचा. नावाडी म्हणजे आबा. आबांनी बोट दोनदा काठावर ओढून फटी बुजवल्या, तरी पाणी येतच राहिलं. शेवटी साहेब म्हणाले, आठ दिवसांत गळती थांबली नाही तर दुसरा नावाडी बघा. आबांचा सारा जन्म त्या पाण्यावर गेला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी नानांना बोलावणं धाडलं आणि त्यांच्याबरोबर बोटीवर गेलो. बोटीत पाऊल टाकताच ते पालथे पडून फळ्यांखाली डोकावायला लागले. मग विचारलं, "भाऊ, हयद शे का?"

मला वाटलं, यांच्या हाताला कापलं. मी स्वयंपाक्याकडून हळद आणली. नानांनी चिंध्या मागितल्या, त्यांच्या वाती वळल्या, हळदीच्या पाण्यात भिजवल्या. बोटीचं पोट आधी उपसून कोरडं केलं. मग एकेक वात फळ्यांखाली ठिकठिकाणी खोचली, काही तळाच्या फटींशी, काही न्हाणीच्या भोवती. माझी सारखी चुळबुळ चाललेली. साहेबांना ही लग्नघरची तयारी काय म्हणून सांगायची?

सकाळी साहेबांनी आंघोळ केली. ते मोजणीला काठावर उतरले आणि नानांनी वाती काढल्या. तळाच्या फटींजवळच्या कोरड्या, पिवळ्या. न्हाणीजवळच्या ओल्या आणि कुंकवासारख्या लाल. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक. कचेरीत कुणाला सुचलं नव्हतं.

नानांनी लाल वात माझ्या नाकाशी धरली. "नदी साबन लावस का?"

आबा लहान मुलासारखे हसले, मग त्यांनी पंच्याने डोळे पुसले. मीही हसलो. नाना मात्र हसले नाहीत. सगळ्यात लाल वात निघाली त्या जागी ते पुन्हा आडवे झाले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"सापडलं का?" मी विचारलं.

"सापडनं." ते बाहेर आले तेव्हा चेहरा काळवंडला होता. "पत्रा नि नळीना हाऊ सांधा मना शे. दोन वरीस पहिले डाग मीच दिन्हा व्हता."

ते काम कुणी केलं होतं हे मी विसरलो होतो, साहेबांना तर पत्ताही नव्हता. नाना गप्प बसते तर कुणाला कळतं? त्यांनी जुना डाग वितळवून काढला, आतून नवी पट्टी बसवली, पुन्हा डाग दिला. परात काठोकाठ भरून तीनदा पाहिलं. थेंब गळला नाही. मग माझ्यापुढे येऊन म्हणाले, "लिख भाऊ. साहेबले कागद लिख. आबानी चूक नही, मनी शे. मना नाव लिख."

मी इंग्रजीत लिहिलं की न्हाणीच्या नळीचा सांधा झिजला होता, तो दुरुस्त केला, बोटीचा तळ शाबूत आहे. नानांचं नाव घातलं नाही. नाव गेलं असतं तर सरकारी काम कायमचं तुटलं असतं. त्यांना वाचून दाखवताना मात्र मी त्यांचं नाव मोठ्याने वाचलं. मला वाटलं, किती शहाणपणा केला मी! आबा राहिले, नाना राहिले, कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते नानांचं. त्यानंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी धुळ्याहून कचेरीत यायचे आणि दारातूनच विचारायचे, "साहेबना जबाब उना का?" मी म्हणायचो, अजून नाही. दंड नाही, ताकीद नाही, माफीही नाही. येईल कुठून? प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वाळलेले दिसायचे. खरं सांगायला मी तोंड उघडायचो आणि चहा मागवायचो.

पुढच्या वर्षी बोटीवर नवी टाकी बसवायची होती. साहेब स्वतः म्हणाले, त्या धुळ्याच्या म्हाताऱ्यालाच बोलवा. नानांचा निरोप आला. "पहिला कागदना जबाब येऊ द्या, मंग मी येसू."

"कसला कागद?" साहेबांनी मला विचारलं.

"कल्पना नाही, साहेब," मी म्हणालो.

टाकी दुसऱ्याने बसवली. धुळ्याला जाऊन नानांना सारं सांगून टाकायचं मी दोनदा ठरवलं, आणि दोनदा कचेरीतलं काम काढून घरी राहिलो. मग एक दिवस आबा कचेरीत आले. नाना आजारी आहेत कळल्यावर ते धुळ्याला गेले होते, आणि त्यांचं दिवसकार्य उरकूनच परतले होते.

"शेवटी शेवटी मलेच इचारत होते, कागद आला का म्हने," आबा म्हणाले. "आला होता का हो, भाऊ?"

"मी त्यांचं नाव लिहिलंच नव्हतं," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच बोलत होतो, आणि ऐकायला नाना नव्हते.