या जेवायला

डब्याचं झाकण उघडलं की आमचे एक सहकारी मान वर करून जो दिसेल त्याला म्हणत, "या जेवायला." सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसात हे रोज दुपारी चाले. यावर "होऊ द्या" म्हणून पुढे निघायचं असतं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. मेई लिंगला ते ठाऊक नव्हतं. ती नवीन असताना त्यांनी तिला इंग्रजीतून तेच आमंत्रण दिलं. ती सरळ खुर्ची ओढून बसली आणि भरली वांगी संपवून उठली. "व्हेरी शिओक लाह," म्हणाली, म्हणजे एकदम झकास. त्या दिवशी ते बिस्किटांवर राहिले. दुसऱ्या दिवसापासून मात्र मोठा डबा आणू लागले.

या माणसाला एकट्याने काही करता येत नसे. कॉफी आणायलासुद्धा सोबत लागे. आणि नेमकी त्यांचीच बदली निघाली, जपानच्या उत्तरेला, जिथे ऐन शरदातच डोंगरावर बर्फ पडतो. मुलीची परीक्षा, बायकोची नोकरी. दोघी सेरंगूनच्या फ्लॅटमध्येच राहणार होत्या. हो की नाही, ते त्यांना लवकरच कळवायचं होतं.

"आधी एक दिवस एकटा राहून बघतो," ते मला म्हणाले. "तिथल्याच डोंगरावर. कोणाला फोनसुद्धा करणार नाही."

तयारी बघण्यासारखी होती. थंडीची सवय व्हावी म्हणून ते सुपरमार्केटात गोठवलेल्या माशांपाशी उभे राहत. जाड जाकीट घालून ब्लॉकचे जिने चढत. शेजारच्या चिनी आजींनी एकदा घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. त्या डोंगरात अस्वलं असतात, बॅगेला घंटी बांधावी, असं कोणीतरी सांगितलं. यांनी देवघरातली घंटा बांधली.

"आणि इथे देवाला काय फोन करून उठवू?" बायकोने विचारलं.

ते गेले. डोंगराच्या दिवशी खरंच एकही मेसेज आला नाही. आम्ही चेष्टा करत होतो, पण प्रत्येकाचं लक्ष फोनकडे होतं.

परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. खाली लाल-पिवळी झाडं, वर बर्फ. घंटा वाजू लागली तशी तोंडातून आपोआप आरती सुरू झाली. समोरून उतरणाऱ्या एका जपानी आजोबांनी बाजूला होऊन कमरेत वाकून नमस्कार केला. वर पोचल्यावर हे खडकावर बसले, डबा उघडला आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "या जेवायला."

मग त्यांना अस्वल आठवलं.

"एका हातात थालीपीठ, दुसऱ्या हाताने घंटा," ते म्हणाले. "उभ्यानेच जेवलो."

आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "अस्वलाचं काही नाही हो. पण 'होऊ द्या' म्हणायलासुद्धा तिथे कोणी नव्हतं. त्याचं फार वाईट वाटलं. तरी घास उतरला. म्हणजे जमेल."

त्यांनी होकार कळवला आणि ते तिकडे राहायला गेले. मला त्यांची फार आठवण येते, हे सांगूनच टाकतो. दुपारचा डबा आता आम्ही आपापल्या स्क्रीनकडे बघत संपवतो.

तिथलं घड्याळ आमच्या पुढे. त्यामुळे आमची मीटिंग चालू असतानाच त्यांच्या उघड्या डब्याचा फोटो येतो. मागे खिडकीत बर्फ, खाली तेच दोन शब्द. मेई लिंग बोलता बोलता थांबते, सगळ्यांना थांबवते आणि इंग्रजी अक्षरांत उत्तर लिहिते: होऊ द्या.